बास्केटबॉलची इंग्रजी परिभाषा : शब्द, कृती आणि नियम

परभाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला अपरिचित शब्दांपेक्षा परिचित शब्दच पुष्कळदा अधिक चकवतात. अपरिचित शब्द भेटला की तो कोश उघडतो. परिचित शब्द भेटला की उघडीत नाही. बास्केटबॉल या खेळाच्या इंग्रजी परिभाषेत ही अडचण पदोपदी जाणवते. 'ट्रॅव्हल' म्हणजे प्रवास करणे, 'स्टील' म्हणजे चोरणे, 'की' म्हणजे किल्ली, 'स्क्रीन' म्हणजे पडदा, हे शालेय इंग्रजी शिकलेल्या कोणालाही ठाऊक असते. परंतु या खेळात 'ट्रॅव्हल' हा दोष आहे आणि 'स्टील' हे कौशल्य आहे. प्रवास करणाऱ्याच्या हातून चेंडू काढून घेतला जातो, तर चोरी करणाऱ्याच्या खात्यावर ती श्रेय म्हणून नोंदली जाते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. या संज्ञांचा अर्थ कोशातील प्रतिशब्दाने ठरत नाही. नियमाने आखून दिलेल्या कृतीने ठरतो. म्हणून शब्द, कृती आणि नियम ही तिन्ही एकत्र शिकविली तरच ही परिभाषा आत्मसात होते. प्रस्तुत लेखात खेळातील काही प्रमुख संज्ञा आणि मूलभूत तंत्रे या दृष्टीने तपासली आहेत.

१. दोन मूळ कल्पना

भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने बास्केटबॉलची एक मोठी सोय अशी की, या खेळाची उत्पत्ती अज्ञात काळात हरवलेली नाही. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण विद्यालयात, जेम्स नेस्मिथ या मूळ कॅनडाच्या शिक्षकाने तो तयार केला. कडाक्याच्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांना बंदिस्त व्यायामशाळेत खेळता येईल असा खेळ हवा होता. त्यासाठी नेस्मिथने लिहिलेले तेरा नियम जानेवारी १८९२ मध्ये विद्यालयाच्या पत्रात छापले गेले.

या नियमांच्या मुळाशी दोन कल्पना आहेत. पहिली अशी की, चेंडू हातात घेऊन धावता येणार नाही. फुटबॉलसारख्या खेळात धावणाऱ्याला रोखण्यासाठी त्याला खाली पाडावे लागते आणि लाकडी जमिनीवर पडणे धोक्याचे. धावणेच बंद केले की पाडण्याचे कारण उरत नाही. दुसरी कल्पना अशी की, लक्ष्य डोक्यावर आणि आडवे ठेवावे. व्यायामशाळेच्या सज्जाला दहा फूट उंचीवर पीच या फळाच्या टोपल्या ठोकण्यात आल्या. अशा लक्ष्यात चेंडू जोराने मारून उपयोग होत नाही. तो कमानदार मार्गाने अलगद सोडावा लागतो. पुढील काळात निर्माण झालेल्या संज्ञांपैकी बहुतेकींचा धागा या दोन कल्पनांपैकी एकीशी जाऊन मिळतो.

२. चेंडू हाती असताना

ज्याच्या हाती चेंडू आहे त्याने धावू नये, असा नियम झाला. मग त्याने काय करावे? पहिला मार्ग 'पास', म्हणजे चेंडू सहकाऱ्याकडे देणे. 'चेस्ट पास' करताना चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरतात, अंगठे चेंडूच्या मागे ठेवतात आणि एक पाऊल पुढे टाकून तो सरळ ढकलतात. चेंडू सुटल्यावर अंगठे जमिनीकडे आणि तळवे बाहेरच्या बाजूस वळलेले दिसले पाहिजेत. 'बाउन्स पास' मध्ये चेंडू दोघांमधील अंतराच्या सुमारे दोन-तृतीयांशावर जमिनीवर आपटून सहकाऱ्याच्या कमरेपर्यंत उसळतो. प्रतिस्पर्ध्याचे हात वर असतील तेव्हा तो उपयोगी पडतो. ज्या पासनंतर सहकारी लगेच गोल करतो, त्याला 'असिस्ट' म्हणतात. सामान्य इंग्रजीत साहाय्य या अर्थाचे रूढ नाम 'असिस्टन्स' असे आहे आणि त्याचे अनेकवचन होत नाही. खेळात मात्र 'असिस्ट' हे मोजता येणारे नाम होते. खेळाडूने सामन्यात सात 'असिस्ट्स' दिले असे लिहिले जाते. 'स्टील' हे क्रियापदही याच रीतीने नाम बनते.

दुसरा मार्ग 'ड्रिबल'. मुळात या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ थेंबाथेंबाने गळणे असा आहे. फुटबॉलमध्ये पायाच्या लहान लहान स्पर्शांनी चेंडू पुढे नेण्याला हा शब्द आधीच लावला गेला होता. बास्केटबॉलने तो हाताकडे आणला. नेस्मिथच्या तेरा नियमांत 'ड्रिबल' नाही. जागेवर खिळलेल्या खेळाडूने चेंडू जमिनीवर टाकून तो पुन्हा स्वतःच घेण्याची युक्ती शोधली आणि नियमांनी तिला नंतर मान्यता दिली. तंत्र असे : तळव्याने थापट न मारता बोटांच्या पेरांनी चेंडू दाबावा, गुडघे किंचित वाकलेले असावेत, उसळी कमरेच्या वर जाऊ नये आणि दृष्टी चेंडूवर न राहता मैदानावर असावी. एकदा दोन्ही हातांनी चेंडू धरून थांबल्यावर पुन्हा आपटू लागणे, किंवा दोन्ही हातांनी एकाच वेळी आपटणे, हा 'डबल ड्रिबल' होय. येथे 'डबल' चा अर्थ दुप्पट असा घेतल्यास फसगत होते. दुसऱ्यांदा सुरू केलेले ड्रिबल असा त्याचा आशय आहे.

तिसरा मार्ग 'पिव्हट'. हा शब्द फ्रेंचमधून आला असून त्याचा अर्थ ज्यावर दुसरी वस्तू फिरते ती खुंटी किंवा आस असा आहे. चेंडू धरलेला खेळाडू एक पाय जमिनीवर रोवून दुसरा पाय कोणत्याही दिशेने हवा तितक्या वेळा टाकू शकतो. रोवलेला पाय हा 'पिव्हट फुट'. दोन्ही पाय जमिनीवर असताना चेंडू मिळाल्यास जो पाय प्रथम उचलला जातो, त्याच्या विरुद्ध पाय आपोआप आसाचा ठरतो. हा आसाचा पाय नियमाबाहेर हलला की 'ट्रॅव्हलिंग' होते. जात्याचा खुंटा ज्याने पाहिला आहे त्याला 'पिव्हट' सांगणे सोपे जाते. आणि 'पिव्हट' कळल्यावर 'ट्रॅव्हल' चे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. संज्ञांचा क्रमही अध्यापनात महत्त्वाचा असतो, तो असा.

'ट्रॅव्हल' च्या नियमाला स्वतःचा इतिहास आहे. धावता धावता चेंडू झेलणाऱ्याला थांबण्यासाठी थोडी सवलत द्यावी, असे नेस्मिथने तिसऱ्या नियमातच म्हटले होते. ती सवलत किती पावलांची, याबद्दल पुढे शतकभर तपशील बदलत राहिले. १९३२ मध्ये जिनीव्हा येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे फीबाने, २०१७ मध्ये नियम सुधारला. गतिमान खेळाडूच्या हाती चेंडू येताना जमिनीवर असलेले पाऊल मोजणीत न धरता त्यानंतरची दोन पावले मोजली जाऊ लागली. जुन्या पुस्तकातून शिकलेल्या विद्यार्थ्याला आजच्या सामन्यात तीन पावले पडलेली दिसतात आणि पंच शिटी वाजवीत नाही. शब्द तोच राहिला. त्याच्या अर्थाची सीमा नियमाने सरकविली.

३. टोपलीच्या दिशेने

टोपलीत टाकलेल्या चेंडूला 'शॉट' म्हणतात. जमिनीवर उभे राहून केलेला 'सेट शॉट', उडी घेऊन केलेला 'जंप शॉट'. दोहोंत चेंडू एका हाताच्या बोटांवर तोललेला असतो, दुसरा हात केवळ बाजूने आधार देतो, कोपर चेंडूच्या खाली असते आणि बळ पायांतून वर येते. चेंडू सुटल्यावरही हात वर ताणलेला आणि मनगट पुढे झुकलेले राहणे, याला 'फॉलो-थ्रू' म्हणतात. मनगटाच्या या हालचालीने चेंडूला उलटी फिरकी मिळते आणि कड्यावर किंवा फळीवर आदळल्यावर त्याचा वेग मंदावतो. असा चेंडू पुष्कळदा आतच पडतो.

'ले-अप' हा शब्द तंत्राचे वर्णन स्वतःच करतो. येथे चेंडू फेकावयाचा नसून वर नेऊन ठेवावयाचा असतो. उजव्या बाजूने येणारा खेळाडू उजवे पाऊल, मग डावे पाऊल टाकून डाव्या पायावर उडी घेतो आणि उजव्या हाताने चेंडू फळीवरील चौकोनाला अलगद लावतो. 'डंक' मध्ये चेंडू वरून कड्यात खुपसला जातो. हा शब्द पेनसिल्व्हेनियातील जर्मनभाषकांच्या बोलीतून इंग्रजीत आला. मूळ अर्थ बुडविणे. कॉफीत बिस्किट बुडविण्याला अमेरिकेत आजही हेच क्रियापद वापरतात.

न पडलेला चेंडू परत येतो तो 'रिबाउंड'. तो मिळविण्याचे तंत्र उडीपेक्षा जागेचे आहे. प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करून, पाय फाकवून, त्याच्या आणि टोपलीच्या मधली जागा अडवून धरणे म्हणजे 'बॉक्स आउट'.

'ले-अप', 'बॉक्स-आउट', 'टिप-ऑफ', 'टर्नओव्हर' ही नामे क्रियापद व अव्यय यांच्या जोडीतून घडलेली आहेत. भारतीय विद्यार्थ्याच्या उच्चारात येथे हमखास चूक होते. क्रियापद असताना आघात सामान्यतः दुसऱ्या पदावर पडतो, नाम झाले की तो पहिल्या पदावर येतो. मराठीत आघाताने शब्दजाती बदलत नसल्याने हा भेद कानाला मुद्दाम शिकवावा लागतो, आणि समालोचन ऐकणे हा त्याचा चांगला मार्ग आहे.

४. दोषाची भाषा

इंग्रजी शिकणारा 'फाउल' आणि 'व्हायोलेशन' हे समानार्थी शब्द मानतो. खेळात त्यांच्यात काटेकोर भेद आहे. चेंडू, वेळ किंवा सीमा यांसंबंधीचा नियमभंग तो 'व्हायोलेशन'. त्याची शिक्षा चेंडू गमावण्यापुरती. प्रतिस्पर्ध्याच्या शरीराशी केलेला बेकायदा संपर्क किंवा खिलाडूपणाला सोडून केलेले वर्तन तो 'फाउल'. तो खेळाडूच्या नावावर लिहिला जातो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पाच आणि अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धेत सहा वैयक्तिक फाउल झाले की खेळाडूला बाहेर जावे लागते. हा भेद मूळचा नाही. नेस्मिथच्या नियमांत चेंडू घेऊन धावणे हाही 'फाउल' च होता. खेळ वाढला तसे व्यक्तीविरुद्धचे अपराध आणि पद्धतीविरुद्धचे प्रमाद वेगळे करण्याची गरज भासली आणि भाषेने त्यासाठी दुसरा शब्द घेतला. दिवाणी व फौजदारी या विभागणीशी हे साम्य लक्षणीय आहे.

'चार्ज' आणि 'ब्लॉक' ही जोडी याहून बोधप्रद आहे. चेंडू घेऊन येणारा आणि वाट अडविणारा यांची धडक होते. अडविणाऱ्याने नियमानुसार आपली जागा आधीच घेतलेली असेल, तर ही धडक 'चार्ज' ठरते आणि दोष येणाऱ्याचा. त्याने जागा उशिरा घेतली असेल, तर तीच धडक 'ब्लॉक' ठरते आणि दोष अडविणाऱ्याचा. घटना एक, नावे दोन. आणि नाव उच्चारताच अपराधी बदलतो. त्यात आणखी गुंतागुंत अशी की, टोपलीकडे जाणारा चेंडू हाताने वैधपणे अडविणे यालाही 'ब्लॉक' च म्हणतात, आणि तो दोष नसून पराक्रम असतो. संदर्भावाचून या शब्दाचा अर्थ सांगताच येत नाही.

'स्क्रीन' चेही असेच. सहकाऱ्याचा पाठलाग करणाऱ्याच्या वाटेत स्थिर उभे राहणे ही वैध युक्ती. संपर्काच्या क्षणी हलत असणे हा 'फाउल'. 'स्क्रीन' लावणारा मग स्वतः वळून टोपलीकडे धावतो, तेव्हा 'पिक अँड रोल' ही प्रसिद्ध चाल पूर्ण होते.

येथे शब्दांच्या तीन थरांकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. नियमग्रंथ 'स्क्रीन' म्हणतो, खेळाडू 'पिक' म्हणतात. आंतरराष्ट्रीय नियमग्रंथ 'रिस्ट्रिक्टेड एरिया' म्हणतो, प्रशिक्षक 'की' म्हणतो, समालोचक 'पेंट' म्हणतो. जागा तीच, टोपलीखालची रंगवलेली. कायदा, शिकवण आणि वर्णन यांच्या भाषा अशा निराळ्या असतात, आणि विद्यार्थ्याला तिन्ही ऐकू याव्या लागतात.

५. कारण गेले, शब्द राहिला

अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकाला या परिभाषेत आणखी एक सामग्री सापडते. 'बास्केट' आता टोपली नाही. धातूचे कडे आणि तळ नसलेली जाळी एवढेच उरले आहे. 'की' हे नाव पडले तेव्हा टोपलीसमोरचा पट्टा सहा फूट रुंद होता आणि त्याच्या टोकाला बारा फूट व्यासाचे वर्तुळ होते; आकृती खरोखरच किल्लीच्या भोकासारखी दिसे. उंच खेळाडूंनी टोपलीखाली ठाण मांडू नये म्हणून अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धेत हा पट्टा १९५१ मध्ये बारा आणि १९६४ मध्ये सोळा फूट करण्यात आला. आकृती मोडली, नाव टिकले. जुन्या अमेरिकन वृत्तपत्रांत बास्केटबॉलपटूंना 'केजर्स' म्हटलेले आढळते, कारण आरंभीच्या काळात काही व्यावसायिक मैदाने जाळीच्या पिंजऱ्यात बंदिस्त असत.

पंचासाठी वापरला जाणारा 'अंपायर' हा शब्द खेळाहून फार जुना आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे रूप 'नॉनपेर', म्हणजे जोडीत न बसणारा, तिसरा, असे होते. इंग्रजीत आरंभीचा 'न' अनिश्चित उपपदाला चिकटला आणि शब्द 'अंपायर' झाला. नेस्मिथच्या नियमांत 'अंपायर' माणसांचा न्यायाधीश आहे आणि 'रेफरी' चेंडूचा. 'फाउल' आणि 'व्हायोलेशन' यांच्यातील नंतरच्या भेदाचे बीज या कामाच्या वाटणीत दिसते.

६. मैदानाबाहेर

या परिभाषेचे ज्ञान केवळ खेळाडूंपुरते मर्यादित ठेवता येत नाही, कारण तिच्यातील शब्द अमेरिकन इंग्रजीच्या सर्वसाधारण व्यवहारात गेले आहेत. 'फुल-कोर्ट प्रेस', म्हणजे प्रतिस्पर्ध्याला मैदानाच्या सर्व लांबीवर दडपून धरणे, हा शब्द सर्व बाजूंनी लावलेल्या राजकीय दबावाला वापरतात. 'स्लॅम डंक' या जोडशब्दाचे श्रेय सामान्यतः लॉस एंजेलिस लेकर्स संघाचे समालोचक चिक हर्न यांना दिले जाते. सामान्य भाषेत त्याचा अर्थ हमखास यश देणारी गोष्ट असा झाला.

या एका शब्दावर किती भार पडू शकतो, याचे उदाहरण अलीकडच्या इतिहासात आहे. डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकन गुप्तवार्ता संस्थेचे संचालक जॉर्ज टेनेट यांनी इराकमधील संहारक शस्त्रांविषयीच्या बैठकीत राष्ट्राध्यक्षांसमोर 'स्लॅम डंक' हे शब्द उच्चारले. पत्रकार बॉब वुडवर्ड यांच्या २००४ मधील ग्रंथामुळे ते जगजाहीर झाले. शस्त्रे असल्याची ती निःसंदिग्ध ग्वाही होती, असा अर्थ लावला गेला. टेनेट यांनी २००७ मधील आपल्या आठवणींत शब्द मान्य केले. परंतु शस्त्रांच्या अस्तित्वाविषयी नव्हे, तर जनतेपुढे बाजू अधिक प्रभावीपणे मांडण्याविषयी ते होते, असे त्यांचे म्हणणे पडले. दरम्यान मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झाले होते, आणि ज्या शस्त्रसाठ्यांसाठी ते झाले ते सापडले नाहीत. चेंडू वरून कड्यात खुपसणाऱ्याचा नेम सहसा चुकत नाही, एवढी गोष्ट ठाऊक नसलेल्या वाचकाला हा सारा वाद कशावरून झाला ते उमगणार नाही.

७. प्रतिशब्दांचा प्रश्न

भारतात हा खेळ मुख्यत्वे वाय. एम. सी. ए. च्या द्वारा आला. १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रास येथे स्थापन केलेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचा त्यात मोठा वाटा आहे. १९३४ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९५० मध्ये राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि १९८० मध्ये भारताचा पुरुष संघ मॉस्को ऑलिंपिकमध्ये खेळला. इंग्रजी माध्यमाच्या संस्थांतून आल्यामुळे परिभाषा इंग्रजीच राहिली. मुंबईच्या नागपाड्यासारख्या बहुभाषिक वस्तीत हा खेळ रुजला, तरी मैदानावरचे शब्द बदलले नाहीत.

क्रिकेटच्या बाबतीत मराठीने निराळा मार्ग चोखाळला. 'पायचीत' आणि 'त्रिफळाचीत' या शब्दांत कुस्तीच्या आखाड्यातला 'चीत' आला आहे. इंग्रजी संज्ञेचे शब्दशः भाषांतर न करता, फलंदाज पराभूत कसा झाला हे मराठी माणसाला ठाऊक असलेल्या कृतीच्या आधारे सांगितले गेले. उलट दिशेचे उदाहरण कबड्डीचे आहे. तिच्या इंग्रजी नियमांत चढाईला 'रेड' हा शब्द मिळाला. 'लोण' मात्र 'लोना' म्हणून तसाच ठेवावा लागला, कारण संपूर्ण संघ बाद होऊन अधिक गुण मिळण्याच्या त्या कल्पनेला इंग्रजीत तयार शब्द नव्हता. ज्या कृतीला जवळची कृती सापडते तेथे शब्द भाषांतरित होतो. सापडत नाही तेथे मूळ शब्दच प्रवास करतो.

बास्केटबॉलच्या संज्ञा शिकविणाऱ्याने हाच निकष लावावा. 'ट्रॅव्हल' साठी 'प्रवास' आणि 'स्क्रीन' साठी 'पडदा' असे प्रतिशब्द देणारी यादी विद्यार्थ्याला उपकारक ठरत नाही. ती त्याचा गैरसमज पक्का करते. संज्ञा देवनागरीत तशीच ठेवावी, तिच्यापुढे प्रतिशब्दाऐवजी एक पूर्ण मराठी वाक्य लिहावे, आणि त्या वाक्यात कोण, काय करतो आणि त्याचा परिणाम काय होतो, या तिन्ही गोष्टी असाव्यात. 'चेंडू हाती असताना आसाचा पाय नियमाबाहेर हलविला की ट्रॅव्हल होते आणि चेंडू प्रतिपक्षाकडे जातो', एवढे वाक्य पुरेसे आहे. शक्य असेल तेथे ते मैदानावर उभे राहून, पाय रोवून शिकवावे.